बंदरापासून चार पावलांवर

चेन्नईच्या बंदरात पर्यटकांचे जहाज लागते ते दिवसापुरते. उतारूंना बहुधा मोटारीने दक्षिणेस मामल्लपुरमला नेतात. जुन्या रस्त्याने गेल्यास वाटेत संगणक-कंपन्यांची सिरुसेरी दिसते, आणि संध्याकाळी मंडळी शहर न चाखताच परततात. पायी हिंडून खाऊ पाहणाऱ्याने इतके दूर जाण्याचे कारण नाही.

बंदराबाहेरच बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशात १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली. पुढे तेथील व्यापार आणि दुकाने सरकारजमा झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेली तमिळ कुटुंबे जहाजांतून याच किनाऱ्यावर उतरली. निर्वासितांचा हा बाजार १९६९ साली उभा राहिला. मालमत्ता मागे राहिली होती. हातची चव मात्र कोणत्याही जकातनाक्यावर अडली नाही.

बाजारालगतच्या गल्लीत दुपार कलल्यावर 'अथो'च्या गाड्या लागतात. शेवया, कोबी, कांदा, चिंचेचे पाणी, तळलेला लसूण, मिरचीची भरड आणि कुरकुरीत पुरीचा चुरा हे सारे विक्रेता हातानेच कालवतो. गिरगावच्या भेळवाल्याची आठवण व्हावी! मात्र येथे गोडाचे नाव नाही. सोबत केळीच्या गाभ्याचे ऊन सार मिळते. ब्रह्मी लोकांच्या मोहिंगाशी त्याचे नाते उघड आहे. त्यातही केळीचा गाभा असतोच.

अडचण एकच. या गाड्या रंगात येतात दिवेलागणीला, आणि जहाजावर परतण्याची वेळही बहुधा तीच असते. तेव्हा पाहुण्याला सार उभ्यानेच, जीभ भाजत संपवावे लागते.