लेथ जागेवर ठेवला म्हणजे बसला असं नाही



श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी म्हटलं की आधी जनावरांचा बाजार आठवतो. पण जिथं ऊस, पाण्याचे पंप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत तिथं लेथ लागणारच. पंपाचा शाफ्ट झिजला की गाठायचा टर्नर. अशा वर्कशॉपमध्ये नवा लेथ बसवताना काय करतात, ते दहावीच्या मुलांना जरूर सांगा. भूमितीतले समरूप त्रिकोण तिथं खरोखर कामाला येतात.

पहिला प्रश्न जमिनीचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा पातळ कोबा तिच्याबरोबर हलतो आणि कोब्याबरोबर लेथ. म्हणून काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणतात, काँक्रीटचा जाड पाया भरतात. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात, तोवर घाई नको.

आता मुख्य गोष्ट. लेथचं बेड भक्कम ओतीव लोखंडाचं असतं, तरी चार पायांपैकी एक अधांतरी राहिला आणि बोल्ट आवळला, तर बेड पिळतं. ओला टॉवेल पिळतो तसं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याची पाणसळ इथं चालत नाही. मशीनची स्पिरिट लेव्हल मीटरला ०.०२ मि.मी. इतका उतार दाखवते. ती बेडवर आडवी ठेवून आधी चकाजवळ, मग टेलस्टॉकच्या बाजूला वाचतात.

समजा, या दोन वाचनांत मीटरला ०.१ मि.मी. फरक आला. टूलचं टोक बेडपासून २०० मि.मी. उंच आहे. १००० ला ०.१, तर २०० ला किती? ०.०२ मि.मी. तेवढं टूल बाजूला सरकतं, आणि व्यासात फरक दुप्पट, ०.०४ मि.मी. केसापेक्षा कमीच! पण २५ मि.मी. शाफ्टवर बेअरिंग बसवायचं तर शतांश मि.मी.चीच मुभा असते. बेअरिंग सैल बसलं की शाफ्ट पुन्हा झिजतो, आणि भर उन्हाळ्यात पंप बंद.

मुलं विचारतील, मग लेथ अगदी आडव्या पातळीतच हवा का? तसं नाही. जहाजावरचे लेथ डुलत डुलत काम करतातच. बेडला पीळ नको, एवढंच. आणि तो पकडायची सोपी युक्ती म्हणजे लेव्हल.

शेवटची साक्ष लेव्हल देत नाही, कापलेलं लोखंड देतं. चकात जाड सळई धरायची, टेलस्टॉकचा आधार नाही. दोन ठिकाणी, सुमारे १५० मि.मी. अंतरावर, एकाच सेटिंगवर अगदी हलका काप घ्यायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचं. बाहेरच्या टोकाला व्यास जास्त आला, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय खाली गेलेला असू शकतो. त्याखाली पातळ पत्र्याची शीम घालून पुन्हा काप, पुन्हा मोजमाप. कंटाळवाणं काम आहे खरं!

त्याआधी थ्री फेज मोटर सुलट फिरते का, ते पाहतात. उलट फिरली तर लाईन बंद करून वायरमनने कोणत्याही दोन फेजच्या वायरी बदलल्या की झालं. मुलांना दाखवायला नेलंत तर ओढणी, सैल बाह्या, हातमोजे चालू लेथजवळ नकोत, आणि चकाची चावी चकातच विसरायची नाही.

पहिला पावसाळा गेला की लेव्हल पुन्हा लावून पाहतात, कारण माती तोवर एकदा फुगून सुकलेली असते.