घटपर्णीचे घरगुती संगोपन

शालेय विज्ञानात कीटकभक्षी वनस्पतींचा पाठ आला की घटपर्णीचे चित्र हमखास समोर येते. पानाच्या टोकाला लोंबणारा, वर झाकण असलेला लहानसा घट आणि त्यात पडलेली माशी. हे चित्र पाहून विद्यार्थी दोन प्रश्न विचारतात. असे एखादे झाड माणसालाही खाते का? आणि हे झाड आपल्याकडे लावता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मोताळा तालुक्याच्या मातीत, पाण्यात आणि हवेत शोधावे लागते. मी इतिहासाचा शिक्षक असलो, तरी या दोन्ही प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करीत आहे.

१८७४ : एक अफवा आणि एक प्रयोग

इ. स. १८७४ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या अमेरिकन वृत्तपत्राने मादागास्कर बेटावरील नरभक्षक वृक्षाची हकीकत छापली. तेथील एक जमात या वृक्षाला स्त्रीचा बळी देते, असे तिच्यात रंगवून सांगितले होते. हकीकत संपूर्ण बनावट होती. असा वृक्ष कोणी पाहिला नव्हता. तरीही पुढील अनेक वर्षे ती नकलली गेली. एका खोट्या झाडाबरोबर दूरदेशीच्या माणसांनाही रानटी ठरविले गेले, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी आपले प्रयोग मांडले. अंड्याचा पांढरा बलक, मांस आणि कूर्चा यांचे तुकडे त्यांनी घटपर्णीच्या घटांत टाकले व त्यांत काय बदल होतो ते पाहिले. घटातील द्रव हे नुसते पावसाचे पाणी नसून पाचक रस आहे, असे त्यांतून दिसून आले. पुढल्याच वर्षी, १८७५ मध्ये, चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका वर्षात एकाने ऐकीव गोष्ट छापली, दुसऱ्याने तुकडा टाकून पाहिला. विज्ञान कशाला म्हणावे हे समजण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

घट कसे काम करतो

घट हे फूल नव्हे, फळही नव्हे. तो पानाचाच भाग आहे. पानाची मध्यशीर टोकाच्या पुढे दोरीसारखी वाढते, आधाराला विळखा घालते आणि तिचे टोक फुगून घट तयार होतो. घट पूर्ण वाढला की झाकण उघडते. ते पुन्हा मिटत नाही. माशी बसताच झाकण बंद होते ही समजूत चुकीची आहे. झाकणाचा उपयोग मुख्यतः पावसाचे पाणी घटात शिरू नये यासाठी होतो. काठावर मधुरस स्रवतो. काठ ओला असताना इतका निसरडा होतो की मुंगीचे पाय टिकत नाहीत. आतील भिंतीचा वरचा भाग मेणचट असल्याने पडलेला कीटक वर चढू शकत नाही. तळाच्या रसात त्याचे विघटन होते आणि त्यातील नत्र व स्फुरद वनस्पतीला मिळते.

अन्न तयार करण्यासाठी घटपर्णीला इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशच लागतो. कीटकांपासून ती केवळ ते घटक मिळवते जे तिच्या मातीत नसतात. जगात घटपर्णीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक जाती आग्नेय आशियातील पावसाळी प्रदेशांत, निकस व आम्लधर्मी जमिनीत वाढतात. आपल्या राज्यात घटपर्णी निसर्गतः उगवत नाही. परंतु साताऱ्याजवळील कास पठारावर, जांभ्या खडकावरील पातळ निकस मातीत, ‘दवबिंदू’ आणि ‘सीतेची आसवं’ या कीटकभक्षी वनस्पती पावसाळ्यात दिसतात. माती निकस असेल तेथेच अशा वनस्पती टिकतात, हे सूत्र दोन्हीकडे सारखे आहे. संगोपनाचे बहुतेक नियम या एका सूत्रातून निघतात.

भारताची एकमेव घटपर्णी

भारतात घटपर्णीची एकच जात रानात आढळते. मेघालयातील गारो, खासी व जैंतिया टेकड्या हे तिचे घर. ‘नेपेन्थिस खासियाना’ हे तिचे शास्त्रीय नाव हूकर यांनीच १८७३ मध्ये दिले. मात्र स्थानिक लोकांनी तिला फार पूर्वीच नाव दिले होते. गारो भाषेत तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, असे म्हणतात.

खाणकाम, जंगलतोड आणि विक्रीसाठी होणारी उपटणी यांमुळे ही जात धोक्यात आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती संरक्षित आहे. रानातून तिची रोपे काढणे तर गुन्हा आहेच. पण तिची लागवड व विक्री करण्यासही परवाना लागतो. म्हणून घरी लावण्यासाठी ही जात शोधू नये. शहरांतील रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत मिळणारी ‘व्हेंट्राटा’ ही संकरित घटपर्णी घ्यावी. ती मूळच्या फिलिपाइन्समधील जातींपासून तयार झाली आहे, काटक आहे आणि नवख्याच्या हातीही टिकते. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीबेरंगी ‘बियां’च्या नादी लागू नये. घटपर्णीचे बी थोड्याच काळात उगवणशक्ती गमावते आणि अशा पाकिटांत बहुधा भलतेच बी असते.

पाणी : सर्वांत मोठी अडचण

आपल्या जिल्ह्यात घटपर्णी लावणाऱ्याने प्रथम पाण्याचा विचार करावा. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्या पट्ट्याबाहेरही बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. भांड्यांवर बसणारा पांढरा थर हा त्याचा पुरावा. घटपर्णीच्या मुळांना हे क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात, नवे घट येत नाहीत आणि रोप हळूहळू संपते.

यावर उपाय पावसाच्या पाण्याचा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि काही पाणी वाया गेले, तरी सुमारे ४०० लिटर हाती येते. एका रोपाला रोज पाव लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना ६० लिटर पुरतात. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम तीन रोपांचे वर्ष काढतो. पहिल्या एकदोन सरींचे पाणी सोडून द्यावे, ड्रमला झाकण लावावे आणि त्यावर बारीक कापड बांधावे, म्हणजे डास होणार नाहीत. पावसाचे पाणी नसल्यास आरओ यंत्राचे शुद्ध पाणी चालते. त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात.

कुंडीतील मिश्रण सतत ओलसर असावे, परंतु कुंडी पाण्यात उभी ठेवू नये.

माती, खत, प्रकाश आणि हवा

कापूस पिकविणारी आपली काळी कसदार जमीन घटपर्णीला घातक आहे. शेणखत, गांडूळखत, युरिया, डीएपी यांपैकी काहीही कुंडीत घालू नये. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट समप्रमाणात घेतल्यास उत्तम. ते महाग वाटल्यास नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोकोपीट आणि थोडा लाकडी कोळसा वापरावा. मात्र कोकोपीटमध्ये मीठ असते. ते दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात भिजवून, पाणी बदलून पिळून घ्यावे. मातीची कुंडी लवकर सुकते आणि तिच्या भिंतीत क्षार साठतात, म्हणून भरपूर छिद्रांची प्लास्टिकची कुंडी बरी.

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर भरपूर उजेड मिळेल अशी पूर्वेकडील ओसरी योग्य. उजेड कमी पडला तर पाने मोठी व गर्द हिरवी होतात, पण घट येत नाहीत. घटांत मांसाचे तुकडे किंवा भात टाकण्याचा मोह मुलांना होतो. त्याने घट सडतो. मुंग्या आपोआप येतात, तेवढे पुरे.

कुंडी बदलणे

वर्ष-दोन वर्षांनी मिश्रण कुजते. मॉस काळे पडणे, आंबट वास येणे, घातलेले पाणी वर तुंबणे किंवा मुळे छिद्रांतून बाहेर येणे ही कुंडी बदलण्याची लक्षणे. आपल्याकडे हे काम जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत करावे. तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि दुखावलेली मुळे सावरतात. एप्रिल-मे मध्ये हे काम मुळीच करू नये.

आदल्या दिवशी रोपाला पाणी द्यावे. नव्या मिश्रणाला ओलावा देऊन ते तयार ठेवावे. नवी कुंडी जुन्या कुंडीपेक्षा दोन इंचांनीच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत ओल साचून मुळे कुजतात. घटांतील रस सांडणार नाही अशा बेताने कुंडी कलती करावी, कडा हलक्या हाताने दाबाव्यात आणि रोप गड्ड्यासह बाहेर घ्यावे. खोड धरून ओढू नये.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. घटपर्णीची निरोगी मुळे मुळातच काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. ती सडली आहेत असे समजून अनेक जण कापून टाकतात आणि चांगले रोप गमावतात. बोटांनी दाबल्यावर लगदा होणारी व दुर्गंधी येणारी मुळे तेवढी काढावीत. जुने मिश्रण सहज गळेल तितकेच झटकावे. रोप पूर्वीच्याच खोलीवर ठेवून भोवती नवे मिश्रण सैल भरावे. दाबून बसवू नये. वरून पाणी देऊन दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. या काळात एखाददुसरा घट वाळला तरी घाबरू नये. सांडलेल्या घटात तळाशी थोडे स्वच्छ पाणी घालावे.

वेल फार लांबली असेल तर याच वेळी ती छाटून दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. त्यांची पाने अर्धी कापावीत, तुकडे ओल्या मॉसमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. एक-दोन महिन्यांत मुळे फुटतात. एका रोपाची अशी चार रोपे होतात.

उन्हाळ्याची सुट्टी

निवासी शाळेत आणखी एक पेच असतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि नेमक्या त्याच वेळी वसतिगृह रिकामे असते. कोरड्या हवेत पानाच्या टोकावरील लहान घट फुगण्याआधीच काळे पडतात. जुनी काचेची मासळीपेटी यावर चांगला उपाय आहे. तळाला ओली रेती, त्यावर विटेचा तुकडा, विटेवर कुंडी आणि वर अर्धवट सरकविलेली काच. पेटी उजेडात ठेवावी, उन्हात नव्हे. उन्हात ती भट्टी होते. कूलर असलेल्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेले रोपही तग धरते, मात्र थेट झोतात नको. काचपेटीतही दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी पाहणी करावीच लागते. म्हणून सुट्टीपूर्वी रोप आणि पावसाच्या पाण्याचे डबे गावातच राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावेत व त्याला पाणी देण्याचे वार लिहून द्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, रोप घ्याल तेव्हा एक वहीही घाला. पाणी दिल्याची तारीख, नवे पान, नवा घट, घटात सापडलेला कीटक यांची नोंद ठेवा. दोन रोपे असतील तर एकाला थोडे कमी-अधिक ऊन देऊन फरक तपासा. पुढच्या तुकडीच्या मुलांना कलमांबरोबर तुमची वहीसुद्धा द्या; धामणगाव बढ्याच्या हवेत घटपर्णी कशी जगते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तीच वही त्यांना नेमके सांगेल.