नकाशा आधी, भूकंप नंतर

२००८च्या जानेवारीत केनिया पेटला होता. निवडणुकीच्या निकालापाठोपाठ दंगली उसळल्या आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. कुठे काय चाललंय हे कळायला मार्ग उरला नाही. तेव्हा वकील ओरी ओकोलो यांनी जाहीरपणे विचारलं: लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नकाशावर मांडता येईल असं काही कुणी करेल का? डेव्हिड कोबिया, एरिक हर्समन आणि ज्युलियाना रोटिच पुढे आले आणि काही दिवसांत 'उशाहिदी' उभं राहिलं. साध्या मोबाइलवरून आलेली खबरही त्यावर ठिपका होऊन उमटू लागली.

दोनच वर्षांनी, १२ जानेवारी २०१० रोजी, हैतीची राजधानी पोर्तोप्रिन्स भूकंपाने कोसळली. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा कुणीही भर घालावी असा खुला नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला होता. पण त्यावर या शहराचे जेमतेम काही मुख्य रस्ते होते. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं खुली केली आणि देशोदेशीचे शेकडो लोक घरी बसून एकेक गल्ली गिरवू लागले. पडलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती, बंद झालेले रस्ते नकाशावर आले. बचाव पथकांनी तो आपल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला.

त्याच दिवसांत ४६३६ या क्रमांकावर लोक मदतीचे संदेश पाठवत होते आणि ते उशाहिदीच्या नकाशावर उमटत होते. भाषा हैतीची क्रेओल, पत्ते खाणाखुणांचे. परदेशांत राहणारे हैतीचे लोक ते वाचून भाषांतर करत आणि ती जागा नेमकी कुठे, हेही सांगत; ते मोहल्ले त्यांच्या पायाखालचे होते. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. मात्र नकाशावर ठिपका उमटला म्हणजे मदत पोचली, असं नव्हे. अन्नपाणी मागणारे कितीतरी संदेश आले, त्या प्रत्येकाच्या मागे धावून जाणारं कुणी नव्हतं. माणसाला हाक मारायला सांगायचं आणि 'ओ' द्यायची सोय करायची नाही, हे मला क्रूर वाटतं.

नेपाळने आधी तयारी केली होती. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज'ची मंडळी विद्यार्थ्यांना हाताशी धरून शाळा, दवाखाने, रस्ते नकाशावर नोंदवत होती. २५ एप्रिल २०१५ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. पण या वेळी काम कोऱ्या कागदापासून सुरू करावं लागलं नाही. हजारो स्वयंसेवक बाहेरून हातभार लावत होते आणि कुठे काय हवंय हे 'क्वेकमॅप'वर नोंदवलं जात होतं.

दरम्यान कामाची पद्धतही बसली होती. एका प्रदेशाचे चौकोन पाडायचे, ज्याने त्याने एकेक चौकोन घ्यायचा, छायाचित्रावर दिसणाऱ्या प्रत्येक छपराची कड आखायची. मग दुसऱ्याने ते तपासायचं. २०१४ मध्ये रेडक्रॉस आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या संस्थांनी 'मिसिंग मॅप्स' सुरू केलं, ते संकट येण्याआधीच नकाशे तयार असावेत म्हणून. तरी वरून दिसतं ते फक्त छप्पर. ते शाळेचं की गोठ्याचं, पायवाट पावसाळ्यात चालू राहते की नाही, वस्तीला लोक काय म्हणतात, हे तिथलाच माणूस सांगू शकतो.

आपल्याकडे, १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बचाव पथकांना भर पावसात, अंधारात डोंगर चढून जावं लागलं. अशा वाड्या आणि पाडे सह्याद्रीत जागोजागी आहेत. तुमचं गाव ओपनस्ट्रीटमॅपवर एकदा उघडून पाहा. वाडी, शाळा, विहीर, वर जाणारी वाट नसेल तर ती स्वतः नोंदवा, नाव मराठीतच लिहा. आणि हे येत्या पावसाळ्याआधी करा.