मालाचे आयुष्य आणि दप्तराचे आयुष्य

धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव आज वारकऱ्यांना गोरोबाकाकांमुळे आणि अभ्यासकांना त्रिविक्रमाच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात तगर या नावाने ते एक नामांकित व्यापारी पेठ होते, आणि तेथे जमा होणारे साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे रवाना होत असे. ही हकिकत आपल्याला कळते ती एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या टिपणावरून. तगर म्हणजेच तेर, हा निर्णय फ्लीट या पंडिताने 1901 मध्ये मांडला. त्या मलमलीचा एकही ठाण कोणाच्या हाती नाही, तिचे गिऱ्हाईक असलेले रोमन साम्राज्यही लयास गेले. मात्र तिच्याविषयी कोणी एकाने व्यवहारापुरती केलेली नोंद दोन सहस्र वर्षे टिकली. वस्तूचे आयुष्य आणि वस्तूविषयीच्या माहितीचे आयुष्य यांची मापे वेगवेगळी असतात, आणि व्यवहारात ती एकच समजली गेल्याने मोठे नुकसान होते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

थिओडोर लेव्हिट या अमेरिकन प्राध्यापकाने 1965 मध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे, प्रत्येक वस्तू बाजारात उदय, वाढ, परिपक्वता आणि उतार अशा अवस्थांतून जाते, हा विचार जगभरच्या व्यापारशिक्षणात रूढ झाला. आमच्या जिल्ह्याला तो पटण्यास पुस्तकाची गरज नाही. एका पिढीच्या डोळ्यांदेखत खरिपातील कितीतरी रान सोयाबीनने व्यापले. भूम आणि कुंथलगिरीच्या परिसरात, शहरे दूर आणि दूध नाशवंत म्हणून, ते भट्टीवर आटवून खवा करण्याचा व्यवसाय उभा राहिला, आणि शीतगृहांनी त्या खव्याची मुदत दिवसांवरून महिन्यांवर नेली. येथे मालाचे आयुष्य वाढले ते माल न बदलता, त्याच्या साठवणीची रीत बदलल्याने.

माहितीच्या व्यवस्थेलाही हाच आलेख लावण्याची प्रथा पाठ्यपुस्तकांत आहे: गरज ओळखावी, आराखडा करावा, व्यवस्था उभारावी, चालवावी, आणि जुनी झाली की निकालात काढावी. यातील शेवटचे पाऊल मला मान्य नाही. संगणकशास्त्रज्ञ मीर लेहमन यांनी 1970 च्या दशकात असे प्रतिपादन केले की वापरात असलेली प्रणाली भोवतालच्या व्यवहाराबरोबर सतत बदलत राहिली नाही तर तिची उपयुक्तता घटत जाते. हे खरेच आहे. परंतु प्रणाली निरुपयोगी झाली म्हणून तिच्यातील नोंदीही निरुपयोगी झाल्या, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

या जिल्ह्याच्या जमिनीचे दप्तर पाहावे. 1853 च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा तेथील कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांनी मोजणीचे काम हाती घेतले. 1860 मध्ये मुलूख हैदराबादच्या निजामाकडे परत आला, आणि पुढे पाचच वर्षांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदीची घडी बसवून तालुकदारांच्या हाती महसूल सोपविला. त्या राज्याचा पत्रव्यवहार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले, साल फसली असे (फसली सनात 590 मिळविले की इसवी सन स्थूलमानाने निघते), आणि गावपातळीवर पटवाऱ्याच्या बस्त्यात मोडीही नांदत असे. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपले. पुढे 1954-55 ची खासरा पाहणी झाली; 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला; 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नमुने एकसारखे केले आणि सातबारा हा शब्द येथील कुणब्याच्याही तोंडी बसला. त्यानंतर संगणक, मग ई-फेरफार, मग डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. प्रत्येक नवी व्यवस्था जुनीच्या खांद्यावर उभी आहे. हस्तलिखित उताऱ्यातले क्षेत्र आणि संगणकात उतरलेले क्षेत्र जुळेना, तेव्हा गावोगाव चावडी वाचन करून चुका शोधाव्या लागल्या आणि संहितेच्या 155 व्या कलमान्वये दुरुस्तीचे हुकूम काढावे लागले. ज्या तलाठ्यांनी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी हे कंटाळवाणे काम निगुतीने केले, त्यांचे ऋण कोणत्याही उद्घाटनाच्या पाटीवर कोरलेले नाही, आणि ते कोरले जावे असे मला मनापासून वाटते.

याहून विलक्षण प्रसंग 2023 मध्ये आला. मराठा समाजाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि पन्नास-पन्नास वर्षे कोणी हात न लावलेले निजामकालीन रुमाल अभिलेखागारांतून बाहेर निघाले. खासरा पत्रके, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, शाळांची प्रवेश निर्गम पुस्तके यांतील एकेका शब्दावर शेकडो कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहिली. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद असतील; परंतु जे दप्तर व्यवस्थेच्या दृष्टीने केव्हाच कालबाह्य ठरले होते, तेच एका रात्रीत राज्यातील सर्वांत मौल्यवान माहिती ठरले, याविषयी मतभेद संभवत नाही. त्यावेळी उणीव भासली ती कागदाइतकीच वाचणाऱ्यांची. मोडी आणि शिकस्ता उर्दू जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

उलट बाजूचे उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन भिजून गेले. पीकविमा हा एक विक्रीचा माल, आणि नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत देण्याची अट ही त्याला जोडलेली माहितीव्यवस्था. पाण्याखाली गेलेल्या गावातून बहुसंख्य शेतकऱ्यांना ती सूचना देता आली नाही. महसूल आणि कृषी खात्यांचे पंचनामे मात्र झालेले होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले, आणि 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. जी माहिती एका दप्तरात हजर होती, ती दुसऱ्या दप्तराच्या खिडकीतून वेळेत आली नाही म्हणून नसल्यासारखी मानावी, हा विचार कोणत्याही व्यवस्थेच्या आखणीत शिरता कामा नये. मालाची रचना करणारे आणि त्याच्या माहितीची रचना करणारे एकमेकांशी बोलले नाहीत, की किंमत तिसराच मोजतो.

खासगी व्यापारात तर ही दृष्टी अधिकच दुर्मीळ आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजताना आपल्याकडील आडत व्यापारी जुन्या किर्दी आणि खतावण्या बासनात बांधून माळ्यावर ठेवीत, आणि आजोबांच्या काळचा देण्याघेण्याचा वाद नातवाच्या काळी त्यावरून मिटे. आता 2013 चा कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपण्यास सांगतो; परंतु आठ वर्षांत हिशेबाची प्रणाली दोनदा बदलते, आणि जुन्या प्रणालीचा परवाना संपला की तिच्यातील वही असूनही उघडत नाही. कायदा पाळला जातो, माहिती मात्र गमावलेली असते. म्हणून कारखाना, पतसंस्था, बाजार समिती किंवा जिल्हा कचेरी, कोणीही नवी प्रणाली विकत घेताना करारात आधीच हे लिहून घ्यावे, की ही प्रणाली बंद होईल त्या दिवशी तिच्यातील सर्व नोंदी साध्या, कोणालाही वाचता येतील अशा स्वरूपात धन्याच्या स्वाधीन होतील, आणि संकेतांचा अर्थ सांगणारी टीप त्यांच्यासोबत असेल. उदयाच्या दिवशी अंताची तजवीज करण्यास पुरवठादार राजी नसतो. गिऱ्हाइकाने अडून बसावे.

त्या टिपेत काय असावे, हे या जिल्ह्याच्या नावावरून ध्यानात येते. कागदावर तो आधी नळदुर्ग, मग निजाम मीर उस्मान अली खानांच्या नावाने उस्मानाबाद, आणि 2023 पासून धाराशिव. मध्यंतरी 1982 मध्ये लातूर वेगळा निघाला. औशाच्या एखाद्या कुटुंबाला आजोबांच्या जमिनीचा 1970 चा फेरफार हवा असेल तर तो उस्मानाबाद जिल्ह्याच्या नावाखाली शोधावा लागतो, आणि पणजोबांचा हवा असेल तर फसली सन लावून, उर्दू मथळ्याखाली. नव्या प्रणालीच्या शोधचौकटीत ही सर्व नावे आणि दोन्ही सन एकमेकांना जोडून ठेवणे हे काही आठवड्यांचे काम आहे. ते करणारा कारकून आज मोडी व उर्दू जाणणाऱ्या वृद्धांशेजारी बसला, तरच ते होईल.