लग्नाचा बायोडाटा, नोकरीचा बायोडाटा

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. अंबड तालुक्यातली माझी भाची सकाळच्या एसटीनं जालन्याला आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, ‘‘मावशी, बायोडाटा बघ ना जरा. परवा इंटरव्ह्यू आहे.’’

मी चष्मा शोधला, कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. वर मधोमध ‘श्री गणेशाय नमः’. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गोरा, वडिलांचा व्यवसाय शेती, भाऊ एक, मामाचं गाव...

‘‘अगं, नोकरीला चाललीस की तुला बघायला येणारेत?’’

ती बिचारी ओशाळली. ‘‘झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर हाच होता. कुलदैवत तेवढं काढायला लावलं मी.’’

हसू नका मैत्रिणींनो! गेली बावीस वर्षं मी जालन्यातल्या एका युनिटमध्ये पाकिटं, लेबलं आणि खोकी यांच्या डिझाइनचं काम बघते. नवीन मुलगी घ्यायची असली की अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यात असे कागद कितीतरी असतात. मुलगी हुशार, हातात कला, पण कागद लग्नाचा. आपल्याकडे मुलीचा पहिला बायोडाटा लग्नासाठीच होतो, त्याला ती तरी काय करणार?

भाचीच्या बाबतीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकून तिला वर्ष होऊन गेलं होतं. तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडून ‘कळवतो’. कुणी कळवलं नाही. आमचे दाजी मनानं चांगले. पोरीला चार वर्षं खोली घेऊन शिकवलं त्यांनी, कापसाच्या पैशांवर. पण तुळशीचं लग्न लागलं आणि ते बोलून गेले, ‘‘ही शेवटची बारी. नाहीतर परतूरचं स्थळ चांगलंय.’’

म्हणून त्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

आधी खोडरबर. जन्मवेळ, उंची, वर्ण, धर्म, जात, भाऊ, मामा, सगळं गेलं. राहिलं नाव, गाव, मोबाइल नंबर आणि ई-मेल. ई-मेलचा पत्ता कॉलेजात असताना काढलेला, त्यात ‘एंजल’ आणि ‘क्युट’ दोन्ही होते. तोही बदलला. मग ‘मी प्रामाणिक, मेहनती व क्रिएटिव्ह आहे’ हे वाक्य मी खोडलं तशी ती रुसली. पण खरं सांगा, मी आळशी आहे असं कुणी लिहितं का? ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं, म्हणून वाचणाऱ्याला ते दिसतच नाही.

‘‘बरं, शिक्षणाशिवाय काय काय केलंस?’’

‘‘काहीच नाही.’’

चहा झाला. मग हळूहळू निघालं. गावातल्या बचत गटाच्या उडीद पापडाचं लेबल हिनं केलेलं. शाळेच्या भिंतीवर बाराखडी आणि प्राणी हिनं रंगवलेले. चुलत भावंडांच्या सात लग्नपत्रिका, जत्रेचा फ्लेक्स. ‘‘ते काय मावशी, घरचंच काम.’’ घरचं काम! पापडाचं लेबल तिनं दोनच रंगांत केलं होतं, कारण बायकांकडे छपाईला पैसे नव्हते. अहो, आमच्या धंद्यात याला फार किंमत आहे. पाकिटाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे मोजावे लागतात. आठ रंग सांडून काहीतरी छान दिसेल असं करणारे पुष्कळ असतात. दोन रंगांत भागवणारी मुलगी सापडली, तर मालक खुर्चीत सरसावून बसतो.

मग बायोडाट्यात ते असं आलं: ‘महिला बचत गटासाठी पापडाचे लेबल, दोन रंगांत. कल्पना, अक्षरलेखन व छपाईची फाइल माझी.’ शिक्षण त्याच्या खाली गेलं. चित्रकाराच्या, डिझायनरच्या बायोडाट्यात आधी काम, मग पदवी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड लिहिल्या तर एका ओळीत. सगळं मिळून एक पान, आणि तेही साधं. डिझायनर आहोत म्हणून बायोडाट्याला वेलबुट्टी काढायची नसते.

मागणारा काय शोधतोय ते आधी बघायचं, ही अक्कल आजची नाही. लिओनार्दो दा विंची तिशीत होता तेव्हा, 1482 च्या सुमारास, त्यानं मिलानच्या सत्ताधीशाला, लुडोविको स्फोर्झाला, कामासाठी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आजही आहे. त्यात मुद्द्यांना आकडे घालून तो सांगतो, मला हलके पूल बांधता येतात, तोफा करता येतात, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी काढता येतं. आणि चित्रकला? ती अगदी शेवटी, जाता जाता. कारण समोरच्याला लढाईची फिकीर होती. ज्यानं पुढे ‘मोनालिसा’ काढली, त्यानं स्वतःच्या बायोडाट्यात चित्रं शेवटी घातली, हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिची रुसी गेली.

आता पोर्टफोलिओ. इथे मला माझीच फजिती सांगायला हवी. 1998 साली मी पुण्याच्या एका जाहिरात संस्थेत इंटरव्ह्यूला गेले होते. रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास, सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं आणि थेट ऑफिस. बरोबर साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळी केलेली चाळीस चित्रं. एक उलगडलं की ते आपोआप परत गुंडाळायचं. मी एक टोक धरलं, शिपायानं दुसरं. अकराव्या चित्राला साहेबांनी विचारलं, ‘‘यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?’’ मी म्हटलं, ‘‘सगळीच.’’ झालं! पाच मिनिटांत मी बाहेर. चूक त्यांची नव्हती. ज्या मुलीला स्वतःच्या चाळीसातून एक निवडता येत नाही, ती गिऱ्हाइकासाठी काय निवडणार?

म्हणून दहा-बारा कामं पुरेत. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी, कारण माणूस सुरुवात आणि शेवट लक्षात ठेवतो. प्रत्येकाखाली दोन ओळी: कुणासाठी केलं, अडचण काय होती. एखाद्या कामाची कच्ची रेखाटनंही लावा. इंटरनेटवरून ‘प्रेरणा’ घेतलेलं काम मात्र लावू नका, आम्हाला ते लगेच कळतं. चौघींनी मिळून केलेलं असेल तर आपला भाग कोणता ते लिहा. ई-मेलनं पाठवताना पीडीएफ पाठवा, फार जड नको, आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘फायनल न्यू फायनल दोन’ या नावाच्या फाइली माझ्याकडे इतक्या पडल्यात की कोणती कुणाची ते देव जाणे. पीडीएफचा आणखी एक फायदा म्हणजे मराठी अक्षरं विस्कटत नाहीत. कोरलची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सुंदर मराठीच्या जागी चौकोन आणि कंस!

मराठीवरून आठवलं. शुद्ध मराठी टाइप करता येत असेल, श्री-लिपी आणि युनिकोड दोन्ही कळत असतील, तर ते ठळक लिहा. इंग्रजी येत नाही म्हणून मुली खाली मान घालतात, पण आमच्याकडे मराठी बिनचूक लिहिणारा माणूस शोधावा लागतो. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट ज्यांनी घडवला, ते र. कृ. जोशी जाहिरातीच्याच जगात वाढलेले. अक्षर हेच त्यांचं काम होतं.

परवाचा इंटरव्ह्यू एका बियाणे कंपनीच्या डिझाइन विभागात होता. जालना म्हटलं की लोखंडाच्या सळया आणि बियाणं. बद्रीनारायण बारवालेंनी 1964 मध्ये इथेच महिको काढली, 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्यांच्यामागून कितीतरी बियाणे कंपन्या या गावात उभ्या राहिल्या. प्रत्येकीला पाकीट लागतं, पोस्टर लागतं, माहितीपत्रक लागतं. क्रिएटिव्ह नोकरी म्हणजे मुंबईच, असं आपल्या मुलींना वाटतं. शेजारच्या एमआयडीसीत कुणीतरी रोज पाकीट काढत असतं, हे लक्षातच येत नाही.

मी तिला विचारलं, ‘‘बियाण्याच्या पाकिटावर काय काय असतं?’’

‘‘कापसाचं बोंड, हसणारा शेतकरी...’’

‘‘आणि?’’

गप्प. मी म्हटलं, घरी जा, कोठीत पडलेली जुनी पाकिटं काढ, पाठ वाच. कंपनीची माहिती काढणं म्हणजे नुसती वेबसाइट बघणं नव्हे. संध्याकाळी तिचा फोन आला. उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, औषध लावलेलं बी असेल तर विषारी असल्याची सूचना, सगळं वाचून दाखवलं. कायद्यानं हे लिहावंच लागतं आणि लेबलाचे रंगही ठरलेले असतात. प्रमाणित बियाण्याला निळं, कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याला हिरवट. मग ती हळूच म्हणाली, ‘‘मावशी, आप्पांचं 2020 चं सोयाबीनचं पाकीटपण सापडलं.’’

2020 चा खरीप आपल्या मराठवाड्यात कोण विसरेल? सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दाजींनीही दुबार पेरणी केली. तक्रार करायला बिल, पाकीट आणि लॉट नंबर लागतो. बिल होतं, पाकीटही होतं. पण ते फाडलं होतं वरच्या कडेला, आणि लॉट नंबर नेमका तिथेच छापलेला. अर्धे आकडे गेले. तक्रार तशीच राहिली. ती म्हणाली, ‘‘आप्पा तेव्हा एक महिना नीट जेवले नाहीत.’’

मी तिला एवढंच म्हटलं, हे पाकीट बरोबर ने.

परवाच्या दिवशी ती अर्धा तास आधी पोचली. दोन प्रिंट, पेन, पाण्याची बाटली, आणि मोबाइल बंद. ड्रेस साधाच, पण इस्त्रीचा. पुढचं तिनंच मला सांगितलं. साहेबांनी त्यांचं एक पाकीट पुढे टाकलं, ‘‘यात काय सुधाराल?’’ पोरीनं आप्पांचं फाटकं पाकीट शेजारी ठेवलं. ‘‘सर, शेतकरी पाकीट इथून फाडतो. लॉट नंबर इथे नको, मागे मधोमध घ्या, आणि मोठा. आमच्या आप्पांना चष्म्यानंही हा वाचता येत नाही.’’ साहेबांनी स्वतःचं पाकीट हातात घेतलं आणि टर्रकन फाडून बघितलं.

मग तो प्रश्न आलाच. ‘‘लग्न झाल्यावर काय?’’ हा प्रश्न मुलाला कुणी विचारत नाही आणि माझ्या मते मुलीलाही विचारू नये. पण विचारतात, म्हणून उत्तर तयार ठेवायचं आणि रागवायचं ते घरी येऊन. आम्ही चार वेळा घोकलं होतं: ‘‘लग्न ठरलेलं नाही. मला काम करायचंय. गावाहून सकाळची एसटी आहे, नऊच्या आत पोचते.’’ (2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, हे तिनं आपल्या मनानं जोडलं!) पगाराचं विचारलं तर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. कॉलेजच्या पुढच्या वर्षाच्या मुलींना आधी विचारून ठेवा आणि एक आकडा सांगा.

आणि तुम्हीही विचारा. कामाची वेळ काय, संध्याकाळी उशीर झाला तर सोय काय? दहा किंवा जास्त माणसं असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असावी लागते, बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजाही असते. हे पहिल्याच दिवशी विचारायचं नसेल, तर नेमणूक पत्र हातात येईल तेव्हा विचारा. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा, किंवा इंटरव्ह्यूला लॉजवर बोलावणारा, त्याच्याकडे जाऊच नका. चाचणी म्हणून घरी चार-चार डिझाइनं फुकट करायला सांगत असतील, तर एक करा आणि छोट्या आकारात, नाव आडवं टाकून पाठवा. या कंपनीनं तिला तिथेच बसवून तासाभरात एक लेबल करायला लावलं. ते मला पटलं.

आठ दिवस फोन नाही. दाजी परतूरला जाऊनसुद्धा आले. नवव्या दिवशी पत्र आलं, तीन महिने चाचणीवर.

या मे महिन्यात ती कंपनीतून रिकामं पाकीट घेऊन घरी गेली. दाजींनी ते उलटंपालटं केलं, मागचा मोठा लॉट नंबर बोटानं चाचपला, मग परत पुढची बाजू बघितली.

‘‘तुझं नाव कुठंय यावर?’’

‘‘नाव नसतं, आप्पा. काम कंपनीचं असतं.’’

‘‘कामून? मग कळंल कसं कुणाला?’’

‘‘बायोडाट्यात लिहायची परवानगी घेतलीय मी. ई-मेलवर.’’

दाजींनी मान डोलावली आणि पाकीट कोठीत, 2020 च्या पाकिटाशेजारी नेऊन ठेवलं.