बीपी, मीठ आणि उतारवय : घानाच्या गावांकडून काय शिकावे?

"आता वय झाले, बीपी असायचेच!" हे वाक्य आपण घरोघर ऐकतो. वडीलधारी माणसेही तसेच म्हणतात आणि तपासणीला जायचे टाळतात. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही, आणि सगळ्या घराची धावपळ सुरू होते. वय झाले की बीपी वाढायलाच हवे का? या वेळी आम्ही याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेत शोधणार आहोत. तिथल्या वयस्क माणसांवर झालेला अभ्यास आपल्यालाही उपयोगाचा आहे.

दोष रक्ताचा की राहणीचा?

काळ्या लोकांना बीपी जास्त असते, ते त्यांच्या वंशातच आहे, असे फार वर्षे बोलले जात होते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने याची पडताळणी केली. पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, पण आज वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे लोक त्यात तपासले गेले. नायजेरिया आणि कॅमेरूनमध्ये शंभरात 16 जणांना उच्च रक्तदाब आढळला. जमैका, बार्बाडोस अशा कॅरिबियन बेटांवर 26 जणांना, तर अमेरिकेत 33 जणांना.

पूर्वज एकाच भागातले, तरी आजार दुप्पट. आणखी एक गोष्ट दिसली. पंचवीस ते चौतीस वर्षांच्या तरुणांचा रक्तदाब सगळीकडे जवळपास सारखाच होता. फरक पडला तो वय वाढताना. अमेरिकेत वयाबरोबर हा आजार आफ्रिकेच्या दुप्पट वेगाने वाढत होता. जिथे वजन जास्त, खाण्यात मीठ जास्त आणि फळे-भाज्यांतून मिळणारे पोटॅशियम कमी, तिथे आजारही जास्त होता. म्हणजे सगळा दोष जन्मावर किंवा नुसत्या वयावर टाकता येत नाही. आपण कसे जगतो, काय खातो, याचा त्यात मोठा वाटा आहे.

मीठ शरीरात काय करते?

मिठात सोडियम असते. ते शरीराला थोडे हवेच असते. पण जास्त झाले की शरीर त्याच्यासोबत पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते आणि वाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. तरुणपणी वाहिन्या लवचीक असतात आणि मूत्रपिंडे जादा मीठ लघवीवाटे लवकर बाहेर टाकतात. उतारवयात वाहिन्या जुन्या रबरी नळीसारख्या कडक होतात, मूत्रपिंडेही मंदावतात. म्हणून तेवढेच मीठ म्हाताऱ्या माणसाला जास्त बाधते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी. त्यात भाजीतले, भाकरीतले, लोणच्यातले, सगळे मीठ आले.

आजार होता, पण माहीत नव्हते

घाना देशात अशांती नावाचा प्रदेश आहे. कुमासी हे तिथले मोठे शहर. त्या परिसरातल्या 12 गावांतल्या 40 ते 75 वर्षांच्या हजाराहून अधिक स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. शंभरातल्या सुमारे 29 जणांना उच्च रक्तदाब निघाला. शहराला लागून असलेल्या गावांत तो जास्त होता, आतल्या खेड्यांत कमी.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्यांना आजार होता त्यांच्यापैकी शंभरातल्या जेमतेम 22 जणांना तो माहीत होता. सुमारे 11 जण औषध घेत होते. दाब आटोक्यात होता तो फक्त 3 जणांचा. बीपी दुखत नाही, खुपत नाही. माणूस शेतात जातो, बाजार करतो आणि आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड झिजत राहतात.

हे मीठ येते कुठून?

घानातली म्हातारी माणसे मूठभर मीठ नुसते खात नाहीत. ते कालवणातून येते. तिथे खारवून वाळवलेला मासा असतो, त्याला कूबी म्हणतात. खारवून आंबवलेल्या मासळीला मोमोनी म्हणतात. एक तुकडा टाकला की सगळ्या हंडीला चव येते. ज्या घरात फ्रीज नाही आणि ताजी मासळी रोज परवडत नाही, तिथे खारवलेला मासा हाच आधार. त्यासाठी गरिबाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आता त्यात दुकानातल्या मसाल्याच्या वड्यांची भर पडली आहे. स्वस्त वडी, रश्शात टाकली की झाले. पण तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग नुसते मीठच असते. वडी टाकून वर पुन्हा मीठ घातले की हिशेब कुठल्या कुठे जातो. पूर्वीपासून तिथे एका झाडाच्या शेंगांतल्या बिया आंबवून मसाला करतात. कुठे त्याला दावादावा म्हणतात, कुठे इरू, कुठे सुंबाला. त्याची चव आंबवण्यातून येते, मिठातून नाही. अनेक घरांत त्याची जागा आता वडीने घेतली आहे.

सहा महिन्यांचा प्रयत्न

त्याच 12 गावांत पुढे एक कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. सगळ्या गावांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती दिली, पण निम्म्या गावांत मिठाविषयी वेगळे शिकवले. शिजवताना आणि ताटात मीठ घालू नका, खारवलेले मासे व मांस कमी खा, खायचेच तर रात्रभर पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. कोण किती मीठ खातो हे तोंडी विचारले नाही. चोवीस तासांची लघवी गोळा करून मोजले, कारण खाल्लेले बहुतेक मीठ लघवीतूनच बाहेर पडते.

सहा महिन्यांनी काय झाले? खरे ते सांगतो. मिठाविषयी शिकवलेल्या गावांत बीपीचा खालचा आकडा दुसऱ्या गावांच्या तुलनेत सुमारे 4 ने उतरला. पण दोन्ही गटांच्या एकूण मिठात ठळक फरक पडला नाही. सांगितले म्हणून सगळ्यांनी लगेच ऐकले, असे घडले नाही. लहान गावांत मात्र मीठ जास्त कमी झाले. आणि गट कुठलाही असो, ज्यांचे मीठ खरोखर उतरले त्यांच्या बीपीचा वरचा आकडाही उतरला. नायजेरियातल्या एका वेगळ्या चाचणीत थोड्या दिवसांसाठी मीठ कमी केले, तेव्हा वरचा आकडा सुमारे 5 ने खाली आला.

चार-पाच आकड्यांनी काय होते, असे वाटेल. एका माणसात तो फरक लहान दिसतो. पण सगळ्या गावाचा दाब तेवढा उतरला तर लकव्याचे आणि हृदयविकाराचे कितीतरी झटके टळतात.

आपण काय घ्यावे?

आम्हाला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. म्हाताऱ्या माणसाला एकटे "मीठ सोडा" म्हणून चालत नाही. हंडी एकच असते, म्हणून मीठ सगळ्या घराने मिळून कमी करायचे. थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. आपल्याकडेही खारवलेली मासळी, पापड, लोणचे, तयार मसाल्याच्या पुड्या आहेतच. मासळी भिजवून ते पाणी टाकायला पैसे लागत नाहीत. लिंबू, चिंच, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखता येते. जे मीठ वापराल ते आयोडीनचेच असू द्या.

कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बीपीची गोळी सुरू असेल तर मीठ कमी केले म्हणून ती मनाने बंद करू नये.

आणि घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचे बीपी तपासून घ्या, काही त्रास नसला तरी. घानातल्या त्या गावांतही आजार असलेल्या बहुतेकांना तो माहीतच नव्हता.