गालिच्यावरील हट्टी डाग

घरात काही सांडले की आपल्या तोंडून प्रथम शब्द निघतात ते 'अहो, फडके आणा!' असे, आणि फडके हाती येताच हात जोराने चालू लागतो. फरशी असेल तर त्यात काही बिघडत नाही. गालिच्याच्या बाबतीत मात्र हाच हात घात करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सणाच्या दिवशी आमच्या बैठकीतल्या लोकरीच्या गालिच्यावर आमटीची वाटी कलंडली. मी लगबगीने कढत पाणी आणि कपड्यांचा साबण आणला व डाग घासू लागले. पाहते तो काय, पिवळा डाग लालभडक झालेला! घाबरून मी अधिकच घासले. पुढे डाग पुसट झाला खरा. पण तेवढ्या जागेची मऊ लव कायमची राठ झाली. डागाने केले नसते इतके नुकसान माझ्या उपायाने केले होते.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि हे द्रव्य क्षाराच्या संगतीत लाल होते. कपड्यांचा साबण क्षारधर्मी असतो. त्या क्षणी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकले असते, तरी तो रंग पुन्हा पिवळा झाला असता. लवेची गोष्ट निराळी. लोकरीचा प्रत्येक तंतू आपल्या केसासारखाच केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यावर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण ही तिन्ही एकत्र आली, की हे खवले एकमेकांत अडकून बसतात व लोकर घट्ट जमते. काश्मीरचा नमदा मुद्दाम याच रीतीने तयार करतात. मी तो नकळत माझ्या गालिच्यावर तयार केला होता!

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून सतरंजी, जाजम किंवा घोंगडी असे. पण नोकरीच्या निमित्ताने उत्तरेकडे गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या सामानातून भदोहीचा किंवा काश्मीरचा एखादा गालिचा घरी येतो, आणि पुढच्या पिढीकडे जातो. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गालिच्यात दर चौरस इंचाला १०० गाठी धरल्या, तर ६ फूट रुंद व ९ फूट लांब गालिच्यात ७,७७,६०० गाठी होतात. त्यातील प्रत्येक गाठ कोणीतरी बोटांनी बांधलेली असते. दोन इंच लांबीरुंदीचा डाग घासताना आपण अशा चारशे गाठींवर हात टाकत असतो.

म्हणून डाग दिसताच दोन प्रश्न विचारावेत: गालिचा कशाचा आहे, आणि डाग कशाचा आहे? गालिचा कशाचा हे ठाऊक नसेल, तर कडेचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो व तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गुठळी होते. लोकरीला धुण्याचा सोडा लावू नये आणि कपडे पांढरे करण्याचे क्लोरिनयुक्त द्रावण तर मुळीच लावू नये. ते लोकर अक्षरशः विरघळवते. कोणताही उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावा. पांढरे ओले फडके तेथे काही मिनिटे दाबून धरावे. फडक्याला गालिच्याचा रंग लागला, तर तेथेच थांबावे.

आता प्रत्यक्ष कृती. सांडलेले आधी चमच्याने उचलावे, मग पांढऱ्या सुती फडक्याने टिपावे. घासू नये. टिपताना नेहमी कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे डाग पसरत नाही. चहाच्या डागाला प्रथम थंड पाणी, मग गाळून घेतलेले रिठ्याचे पातळ पाणी, आणि शेवटी पुष्कळ पाण्यात मिसळलेले थोडे व्हिनेगर लावावे. रक्त व दूध यांना थंडच पाणी हवे. उष्णतेने त्यांतील प्रथिने गोठून तंतूंना धरून बसतात. तुपातेलावर पाणी चालत नाही. तेथे खडूची बारीक पूड रात्रभर पसरून सकाळी झटकून काढावी. बॉलपेनच्या शाईवर स्पिरिटात भिजवलेला बोळा हलकेच टेकवावा. मात्र जवळ दिवा वा शेगडी नसावी. हळदीला सर्वांत मोठा शत्रू सूर्य आहे. बाकीचा गालिचा झाकून तेवढीच जागा तासभर उन्हात ठेवावी, व गरज वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावी. अधिक वेळ ठेवू नये, कारण उन्हाने गालिच्याचेही रंग उडतात.

पुष्कळांचा अनुभव असा, की गेलेला डाग दुसऱ्या दिवशी परत दिसतो. यात गूढ काही नाही. पाण्याबरोबर डाग तळाशी उतरलेला असतो. वरची लव वाळू लागली, की खालचे पाणी तंतूंवाटे वर चढते आणि डागही सोबत आणते. म्हणून पाणी बेताने वापरावे. काम संपल्यावर त्या जागी कोरड्या पांढऱ्या फडक्याची जाड घडी ठेवून तिच्यावर वजन द्यावे, म्हणजे वर येणारा डाग फडक्यात उतरतो. सकाळी घडी काढून पंख्याचा वारा द्यावा. ओल राहिली तर खालच्या सुताला बुरशी धरते.

रेशमी किंवा फार जुना गालिचा असेल, तर टिपण्यापलीकडे काही न करता तो जाणत्या कारागिराकडे न्यावा. आणि एवढे करूनही एखादी पुसट खूण उरलीच, तर ती राहू द्यावी. आमच्या गालिच्यावरील ती राठ जागा आजही तशीच आहे. पाहुण्यांना ती दिसत नाही. पण अनवाणी चालताना माझ्या पायाला लागते, आणि त्यानंतर घरात काही सांडले की मी प्रथम चमचा शोधते.